फ्रेंच दूरचित्रवाणी मालिकांतील पोलीस : शासन, स्मृती आणि पडदा (१९५८–२०२३)

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिका हे इतिहासाचे साधन मानावे की नाही, याविषयी अभ्यासकांच्या मनात दीर्घकाळ संकोच होता. गुन्हेकथा आणि रहस्यकथा यांची गणना तर निव्वळ करमणुकीतच होत असे. परंतु ज्या देशात दूरचित्रवाणी अनेक वर्षे थेट शासनाच्या नियंत्रणाखाली होती, तेथे पडद्यावर काय दाखविले गेले आणि काय दाखविण्याचे टाळले गेले, या दोन्ही बाबींना दस्तऐवजाचे मोल प्राप्त होते. फ्रान्स हे त्याचे ठळक उदाहरण होय.

गेल्या दोन दशकांत फ्रेंच मालिकांना फ्रान्सबाहेर मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. मनोरंजन क्षेत्रातील प्रतिनिधींच्या कार्यालयावर बेतलेल्या ‘दी पूर साँ’ (दहा टक्के) या मालिकेची मुंबईच्या चित्रपटसृष्टीत घडणारी भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये आली, तर त्याच वर्षी आलेली ‘लुपँ’ भारतीय प्रेक्षकांच्याही परिचयाची झाली. या मालिकांची रचना, अभिनय आणि वेग यांची चर्चा होते. त्यांच्यामागे शासन आणि समाज यांच्यातील जो दीर्घ संघर्ष आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

प्रस्तुत निबंधात या संघर्षाचा मागोवा पोलीस अधिकारी या एका पात्राच्या आधारे घेतला आहे. पोलीस हा शासनाचा सर्वात दृश्य प्रतिनिधी असतो. समाज त्याच्याविषयी पडद्यावर किती शंका घेऊ शकतो, यावरून शासन स्वतःविषयी किती शंका सहन करते याचा अंदाज बांधता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. शासकीय मक्तेदारीच्या काळातील फ्रेंच मालिकांमधील पोलिसाच्या प्रतिमेचे स्वरूप पाहणे.
२. जर्मन ताब्याच्या काळातील (१९४०–१९४४) फ्रेंच पोलिसांच्या सहभागाविषयीचे मौन आणि पडद्यावरील ही प्रतिमा यांचा संबंध तपासणे.
३. २००५ नंतरच्या मालिकांत या प्रतिमेत झालेल्या बदलाची कारणे शोधणे.

त्यासाठी निवडक मालिका व चित्रपट आणि त्यांच्या निर्मितीमागील संस्थात्मक इतिहास यांचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विचार केला आहे.

शासकीय मक्तेदारी आणि वडीलधारा पोलीस

फ्रान्समध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणीची राष्ट्रीय संस्था १९४९ मध्ये नव्या स्वरूपात उभी राहिली. १९६४ मध्ये तिचे रूपांतर ‘ओ. आर. टी. एफ.’ या संस्थेत झाले. द गॉल यांच्या कारकिर्दीत माहिती मंत्रालयाचा वृत्तविभागावर निकटचा प्रभाव होता. १९६४ पर्यंत देशात एकच वाहिनी होती; त्यामुळे रात्री जे प्रक्षेपित होई तेच सारा देश पाहत असे.

याच काळात, १ जानेवारी १९५८ रोजी, ‘ले सँक देर्निएर मिन्यूत’ (अखेरची पाच मिनिटे) ही मालिका सुरू झाली. क्लोद लुर्से हे तिचे निर्माते-दिग्दर्शक होते आणि रेमाँ सुप्लेक्स हे इन्स्पेक्टर बूरेलच्या भूमिकेत होते. आरंभीच्या काळात हा एक प्रकारचा खेळच होता. स्टुडिओत बसलेल्या स्पर्धकांनी कथा पाहून गुन्हेगार ओळखायचा, अशी त्याची योजना होती. पुढे तिला पूर्ण मालिकेचे रूप आले. सुप्लेक्स यांचे १९७२ मध्ये निधन झाले. त्यानंतरही अन्य अधिकाऱ्यांच्या पात्रांसह ही मालिका १९९६ पर्यंत टिकून राहिली. १९६७ मध्ये जॉर्ज सिमेनॉन यांच्या कोमिसेर मेग्रेवरील मालिका सुरू झाली. झाँ रिशार यांनी १९९० पर्यंत ८८ भागांत ही भूमिका केली. त्यांच्यानंतर ब्रुनो क्रेमेर यांनी १९९१ ते २००५ या काळात ५४ भागांत मेग्रे साकारला.

बूरेल आणि मेग्रे यांच्यात स्वभावाचे अंतर पुष्कळ आहे. परंतु दोघेही एकाच साच्यातील वडीलधारे पुरुष आहेत. ते माणसे ओळखतात, शांतपणे ऐकतात आणि अखेरीस सत्यापर्यंत पोहोचतात. गुन्हा समाजात घडतो. पोलीस ठाणे हे मात्र समजूतदारपणाचे स्थान असते. या कथांची गोडी आजही कमी झालेली नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक साधा प्रश्न पडतो. १९५८ मध्ये पन्नाशी ओलांडलेला पॅरिसचा पोलीस अधिकारी १९४२ मध्ये कोठे होता आणि काय करीत होता? या मालिकांच्या चौकटीत हा प्रश्न बसतच नव्हता.

झाकलेली टोपी

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी मूळ घटना लक्षात घ्यावी लागते. १६ व १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस व परिसरात १३,१५२ ज्यू स्त्री-पुरुष व बालकांना अटक झाली. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. अनेक कुटुंबांना ‘व्हेल दीव्ह’ या सायकल शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागारात कोंडण्यात आले आणि पुढे छावण्यांमार्गे औशविट्झला पाठविण्यात आले. मागणी जर्मनांची होती. घरोघर जाऊन दार ठोठावणारे पोलीस मात्र फ्रेंच होते.

युद्धोत्तर काळात हे सत्य सार्वजनिक स्मृतीच्या कडेला ढकलले गेले. काही मोजके देशद्रोही वगळता सारा देश प्रतिकारात सहभागी होता, अशी धारणा राष्ट्रीय ऐक्यासाठी सोयीची ठरली. अलँ रेने यांच्या ‘न्वी ए ब्रुयार’ (रात्र आणि धुके) या १९५६ च्या माहितीपटाबाबत जे घडले ते या दृष्टीने बोलके आहे. पितिव्हिए येथील छावणीच्या एका छायाचित्रात पहारा देणाऱ्या शिपायाच्या डोक्यावरील केपी, म्हणजे फ्रेंच शिपायाची विशिष्ट टोपी, स्पष्ट दिसत होती. परिनिरीक्षण मंडळाने त्यास आक्षेप घेतला आणि ती टोपी चित्रात झाकावी लागली. माणूस दिसला तरी चालेल, त्याचे फ्रेंचपण दिसू नये, असाच त्याचा अर्थ होता.

इतिहासाधिष्ठित नाट्यालाही या वातावरणाची झळ लागली. स्तेल्यो लोरेंझी, अलँ दको आणि आंद्रे कास्तलो यांची ‘ला कामेरा एक्सप्लोर ल ताँ’ (कॅमेरा काळाचा शोध घेतो) ही मालिका १९५७ पासून अत्यंत लोकप्रिय होती. डाँतों व रोबस्पिएर यांच्यावरील तिचा १९६४ मधील भाग दूरचित्रवाणी नाट्याचा उत्तम नमुना मानला जातो. मध्ययुगीन कॅथर पंथीयांच्या संहारावरील भागांनंतर १९६६ मध्ये ही मालिका बंद झाली. लोरेंझी यांच्या डाव्या विचारांविषयीची प्रशासनाची नाराजी हे त्यामागील एक कारण मानले जाते.

सर्वात गाजलेले प्रकरण मार्सेल ऑफ्युल्स यांच्या ‘ल शाग्रँ ए ला पितिए’ (दुःख आणि करुणा) या माहितीपटाचे होय. १९६८ च्या संपानंतर ओ. आर. टी. एफ.बाहेर पडलेल्या मंडळींनी स्विस व पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीच्या साहाय्याने १९६९ मध्ये तो पूर्ण केला. क्लेरमाँ-फेराँ या शहरातील सामान्य नागरिक ताब्याच्या काळात कसे वागले, याचे सुमारे चार तासांचे हे चित्रण आहे. मुळात दूरचित्रवाणीसाठी निर्माण झालेल्या या कृतीला फ्रेंच दूरचित्रवाणीने दार उघडले नाही. १९७१ मध्ये ती पॅरिसच्या चित्रपटगृहात दाखविली गेली आणि फ्रेंच घरांतील पडद्यावर येण्यासाठी तिला ऑक्टोबर १९८१ ची वाट पाहावी लागली; तोवर मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. या माहितीपटाला विरोध करणाऱ्या सर्वांचा हेतू सत्य दडपण्याचाच होता असे नाही. औशविट्झमधून वाचलेल्या सिमोन व्हेय याही ओ. आर. टी. एफ.च्या प्रशासन मंडळावर असताना त्याच्या प्रक्षेपणाच्या विरोधात होत्या. प्रतिकार करणाऱ्यांवर त्यात अन्याय झाला आहे, असे त्यांचे मत होते. स्मृतीचा प्रश्न हा केवळ शासन विरुद्ध समाज असा सरळ नसतो, हे यावरून ध्यानात येते.

मक्तेदारीचा अंत आणि बाजारपेठेची चौकट

१९७४ च्या कायद्याने ओ. आर. टी. एफ.चे विसर्जन होऊन तिच्या जागी सात स्वतंत्र संस्था आल्या. १९८२ च्या कायद्याने शासकीय मक्तेदारी संपली. नोव्हेंबर १९८४ मध्ये ‘कनाल प्ल्युस’ ही वर्गणीवर चालणारी वाहिनी सुरू झाली आणि १९८७ मध्ये ‘ते एफ अँ’ ही देशातील पहिली वाहिनी खासगी मालकीकडे गेली.

शासनाचा हात दूर होताच पोलिसाची प्रतिमाही बदलेल, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. खासगी झालेल्या वाहिनीवर १९८९ मध्ये ‘नाव्हारो’ आणि १९९२ मध्ये ‘ज्युली लेस्को’ या मालिका आल्या. पहिलीत रोजे आनँ, तर दुसरीत व्हेरोनिक जनेस्त यांची प्रमुख भूमिका होती. ‘ज्युली लेस्को’ने घर आणि नोकरी सांभाळणारी स्त्री पोलीस अधिकारी मध्यवर्ती स्थानी आणली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. तरीही दोन्ही मालिकांत अधिकारी म्हणजे कुटुंबप्रमुख आणि ठाणे म्हणजे कुटुंब, हीच कल्पना कायम राहिली. सुमारे नव्वद मिनिटांची, त्याच रात्री पूर्ण होणारी कथा जाहिरातदारांना व सहकुटुंब प्रेक्षकांना मानवणारी होती. पूर्वी शासनाला निर्दोष पोलीस हवा होता. आता तो बाजारपेठेला हवा होता. म्हणजेच मक्तेदारीचा अंत ही परिवर्तनाची आवश्यक अट असली, तरी पुरेशी अट नव्हती.

न्यायालय आणि इतिहासलेखन

दरम्यान पडद्याबाहेर बरेच काही बदलत होते. अमेरिकी इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिशी राजवटीवरील ग्रंथात जर्मन दप्तरांच्या आधारे दाखवून दिले की, व्हिशी शासनाने अनेक बाबतींत स्वतःहून सहकार्य देऊ केले होते. १९७३ मध्ये या ग्रंथाचा फ्रेंच अनुवाद आला. १९७९ मध्ये ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकी मालिका फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखविली गेली आणि तीवरून मोठी चर्चा झाली. १९८७ मध्ये ऑंरी रूसो यांनी व्हिशीच्या स्मृतीला जडलेल्या या विकाराचाच इतिहास लिहिला.

१६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी १९४२ च्या अटकसत्राबाबत फ्रेंच राज्याची जबाबदारी जाहीरपणे मान्य केली. २ एप्रिल १९९८ रोजी बोर्दो येथील न्यायालयाने मोरिस पापों यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांतील सहभागाबद्दल दोषी ठरविले. ताब्याच्या काळात बोर्दोच्या प्रशासनात उच्चपदस्थ असलेले पापों १९५८ ते १९६७ या काळात पॅरिसचे पोलीसप्रमुख होते आणि पुढे मंत्रीही झाले. म्हणजे बूरेल पडद्यावर शांतपणे गुन्हेगार शोधत होता, त्या काळात पॅरिसच्या खऱ्या पोलिसांचे नेतृत्व याच अधिकाऱ्याकडे होते. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पॅरिसमध्ये निदर्शने करणाऱ्या अल्जेरियनांना पोलिसांनी ठार केले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. मृतांच्या संख्येबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र त्या वेळी सांगितलेला अधिकृत आकडा वास्तवापेक्षा फार कमी होता, याविषयी दुमत नाही.

२००५ : एका प्रतिमेचा शेवट

या पार्श्वभूमीवर २००५ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षी कनाल प्ल्युसने अलँ तास्मा दिग्दर्शित ‘न्वी न्वार, १७ ऑक्टोब्र १९६१’ (काळी रात्र) हा चित्रपट दाखविला. त्या रात्रीची कथा अल्जेरियन कामगार आणि पोलीस अशा वेगवेगळ्या बाजूंनी सांगत हा चित्रपट पोलीस दलातील सूडभावना आणि वरिष्ठांची मूक संमती यांपर्यंत पोहोचतो.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला याच वाहिनीवर ‘ऑंग्रनाज’ (दातेरी चाके) ही मालिका सुरू झाली. वकिली व्यवसायातील अलेक्साँद्रा क्लेर आणि पटकथाकार गी-पात्रिक सँदरिशँ यांनी ती निर्माण केली. त्यापूर्वी बाराच दिवस आधी, १ डिसेंबर रोजी, ऊत्रो खटल्यातील अखेरच्या सहा आरोपींची अपिलात निर्दोष मुक्तता झाली होती. बाललैंगिक अत्याचाराच्या या प्रकरणात एकूण तेरा जण अखेरीस निर्दोष ठरले, आणि त्यांपैकी अनेकांनी प्रदीर्घ काळ तुरुंगात काढला होता. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याच्या तपासाचे सूत्रधार असलेल्या ‘तपासी न्यायाधीश’ या पदावरच त्यामुळे प्रश्नचिन्ह लागले. ही मालिका अर्थातच त्या खटल्यावर आधारलेली नव्हती. परंतु तपास आणि न्याय यांच्या यंत्रणेविषयी अस्वस्थ झालेल्या प्रेक्षकांसमोर ती आली.

मालिकेतील कॅप्टन लोर बेर्तो धाडसी व कष्टाळू आहे. मात्र तिचे सहकारी संशयितांना मारहाण करतात, खबऱ्यांना पाठीशी घालतात आणि प्रसंगी कागदपत्रांत फेरफारही करतात. न्यायाधीश रोबाँ कमालीचे सचोटीचे असूनही आपल्या हट्टापायी चुकतात. वकील जोझेफिन कार्लसन पैशासाठी कोणाचीही बाजू घेण्यास तयार असते. येथे खलपुरुष बाहेरचा नसतो; यंत्राची दातेरी चाके एकमेकांत अडकतात आणि माणसे भरडली जातात. मालिकेचे नाव या अर्थाने सार्थ आहे. आठ पर्वांत, २०२० पर्यंत, ही मालिका चालली. ब्रिटनमध्ये बी. बी. सी.ने ती २००६ पासून दाखविली आणि २०१५ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला.

हे शक्य होण्यामागे अर्थकारणही होते. वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीला प्रत्येक रात्री सर्वांना खूश करण्याची गरज नसते. सुमारे बावन्न मिनिटांचे भाग आणि पर्वभर चालणारी कथा यांमुळे एखाद्या कृत्याचे परिणाम पुढील भागांत भोगावे लागतात. नव्वद मिनिटांत निकाली निघणाऱ्या कथेत पोलिसाच्या चुकीला भविष्यच नसे. कथेची लांबी बदलली, तेव्हा जबाबदारीची कल्पनाही बदलली. एरिक रोशाँ यांची ‘ल ब्युरो दे लेजांद’ (२०१५–२०२०) ही गुप्तहेर खात्यावरील मालिका याच रचनेचा विस्तार होय. पाच पर्वांच्या या मालिकेत एका अधिकाऱ्याने प्रेमापोटी केलेला एकच नियमभंग साऱ्या खात्याला हादरवीत जातो.

व्हिल्नव्ह गावातील इन्स्पेक्टर

१९४२ मध्ये पोलीस काय करीत होता, या प्रश्नाला थेट भिडण्याचे काम मात्र सार्वजनिक वाहिनीने केले. ‘फ्राँस त्र्वा’ वाहिनीवर २००९ ते २०१७ या काळात ‘अँ व्हिलाज फ्राँसे’ (एक फ्रेंच गाव) ही मालिका सात पर्वांत व ७२ भागांत प्रक्षेपित झाली. फ्रेदेरिक क्रिव्हिन, फिलिप त्रिब्वा आणि एमान्युएल दोसे हे तिचे निर्माते. इतिहासकार झाँ-पिएर अझेमा हे सल्लागार होते. ज्युरा प्रदेशातील व्हिल्नव्ह या काल्पनिक गावात जून १९४० मध्ये जर्मन सैन्य येते, तेथून कथा सुरू होते.

डॉक्टर दानिएल लार्शे गावाची गरज म्हणून महापौरपद स्वीकारतो आणि एकेका तडजोडीने सहकार्याच्या वाटेवर पुढे सरकत जातो. त्याचा भाऊ मार्सेल कम्युनिस्ट आहे. इन्स्पेक्टर झाँ मार्केती हा तरुण अधिकारी प्रथम कम्युनिस्टांच्या मागावर असतो; पुढे ज्यूंच्या अटकेच्या कामातही तो गुंततो. तो क्रूर आहे म्हणून हे करतो असे मालिका सांगत नाही. तो कार्यक्षम आहे, महत्त्वाकांक्षी आहे आणि वरून आलेली आज्ञा त्याला पुरेशी वाटते. एका ज्यू स्त्रीवरील त्याच्या खऱ्या प्रेमानेही ही यंत्रणा थांबत नाही. गावातील शाळेत कोंडलेल्या ज्यू कुटुंबांच्या प्रसंगांत जर्मन गणवेशापेक्षा फ्रेंच गणवेशच अधिक दिसतात. १९५६ मध्ये झाकलेली टोपी येथे उघडपणे पडद्यावर आली आहे.

या मालिकेचे विशेष महत्त्व असे की, मुक्तीच्या क्षणी ती संपत नाही. नंतरचे खटले, सूड, सोयीस्कर विस्मरण आणि उरलेल्या आयुष्यांवर पडलेली सावली यांचाही ती विचार करते. त्यामुळे ताब्याचा काळ आणि त्याची स्मृती, असे दोन्ही विषय तिच्यात येतात.

न ऐकण्याचा गुन्हा

या परंपरेतील अलीकडचे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे झाँ-झाव्हिए द लेस्त्राद यांनी दिग्दर्शित केलेली ‘साँब्र’ (२०२३) ही ‘फ्राँस द’ या सार्वजनिक वाहिनीवरील सहा भागांची मालिका. बेल्जियमच्या सीमेलगत साँब्र नदीच्या खोऱ्यात एक पुरुष सुमारे तीस वर्षे स्त्रियांवर अत्याचार करीत राहिला. २०१८ मध्ये त्याला अटक झाली आणि २०२२ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. पत्रकार आलिस जेरो यांनी या प्रकरणावर केलेल्या लेखनातून ही मालिका आकारास आली. पीडित स्त्री, न्यायाधीश, महापौर, वैज्ञानिक, पोलीस अधिकारी आणि गुन्हेगार अशा एकेका व्यक्तीभोवती एकेक भाग रचलेला आहे.

येथे रहस्य नाही. अत्याचारी कोण हे प्रेक्षकाला कळते, तरी तो कसा सापडला असता, हा प्रश्न मालिका पुनःपुन्हा विचारते. तक्रारी नीट नोंदविल्या जात नाहीत, निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी जोडल्या जात नाहीत आणि तक्रारदार स्त्रीकडेच संशयाने पाहिले जाते. मार्केती आज्ञा पाळून गुन्ह्यात सहभागी होतो. साँब्रचे पोलीस ऐकून न घेऊन गुन्ह्याला अवधी देतात. बूरेल व मेग्रे यांचा सर्वात मोठा गुण लक्षपूर्वक ऐकणे हा होता, हे आठवले म्हणजे या मालिकेतील टीका किती मूलगामी आहे हे कळते.

अभ्यासाच्या दृष्टीने काही मर्यादा

या कलाकृतींचा उपयोग अध्यापनात करताना काही पथ्ये पाळावी लागतील. ‘अँ व्हिलाज फ्राँसे’ ही १९४२ ची साक्ष नसून २००९ ची साक्ष आहे. घडलेल्या घटनांसाठी दप्तरे, खटल्यांची कागदपत्रे व इतिहासग्रंथच पाहावे लागतील. एखाद्या पिढीला त्या घटनांविषयी काय विचारावेसे वाटले, हे मात्र मालिका सांगते. दुसरे असे की, सदोष पोलिसाची प्रतिमाही कालांतराने साचा बनू शकते. हिंसक पण कार्यक्षम अधिकारी प्रेक्षकांना प्रिय होतो आणि चिकित्सेच्या जागी कौतुक येते. ‘ऑंग्रनाज’ही या धोक्यापासून पूर्णतः मुक्त नाही. तिसरे म्हणजे, जुन्या मालिका टाकाऊ ठरत नाहीत. मेग्रेचा एखादा भाग आणि ‘अँ व्हिलाज फ्राँसे’चा एखादा भाग शेजारी ठेवून पाहिल्यास इतिहासाच्या विद्यार्थ्याला मौनाचे वाचन कसे करावे, हे शिकता येईल.

निष्कर्ष

१. शासकीय मक्तेदारीच्या काळात फ्रेंच मालिकांतील पोलीस हा वडीलधारा व निर्दोष राहिला. युद्धकाळातील पोलिसांच्या भूमिकेविषयीच्या राष्ट्रीय मौनाशी ही प्रतिमा सुसंगत होती.

२. मक्तेदारी संपल्यानंतरही बाजारपेठेने हीच प्रतिमा जपली. त्यामुळे मालकीतील बदल आणि विचारस्वातंत्र्य यांचे समीकरण सरळ मांडता येत नाही.

३. निर्णायक बदल २००५ च्या सुमारास झाला. इतिहासकारांचे संशोधन, १९९५ ची राज्याची कबुली, १९९८ चा निकाल, न्यायव्यवस्थेवरील अविश्वास, वर्गणीवर चालणारी वाहिनी आणि दीर्घ कथेची रचना या सर्वांचा तो संयुक्त परिणाम होता.

४. १९४२ विषयीचा सर्वात थेट प्रश्न आणि पोलिसांच्या उदासीनतेवरील सर्वात कठोर टीका या दोन्ही गोष्टी सार्वजनिक वाहिन्यांनी पडद्यावर आणल्या. एका माहितीपटाला बारा वर्षे दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या वारसदार संस्थांनीच हे केले. सार्वजनिक माध्यमाचे मोल शासनाशी त्याचे असलेले नाते तोडण्यात नसून, त्या नात्यातही शासनाच्या प्रतिनिधीला प्रश्न विचारण्याची मुभा टिकविण्यात आहे, हे फ्रेंच मालिकांच्या या इतिहासातून स्पष्ट होते.